फुटपाथवरचा अशील आणि फाइलीतून गायब झालेला कागद

प्रश्न कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिने जॉन ग्रिशॅमची ‘द स्ट्रीट लॉयर’ वाचली. बेघरांवर आणि सामाजिक न्यायावर अशा आणखी कायदा-थरार कादंबऱ्या कोणत्या, त्यात दाखवतात तसं कोर्टात खरंच घडतं का, आणि मुंबईत असं कथानक बसेल का, असं तिने विचारलंय.

मी मुंबईत वकिली करते. झोपड्या आणि फुटपाथवरची घरं हटवण्याच्या प्रकरणांत वस्तीच्या बाजूने उभी राहते. त्यामुळे ही कादंबरी मी आधी वाचक म्हणून वाचली आणि नंतर पुन्हापुन्हा कामाच्या नजरेने वाचली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे. अशा कादंबऱ्या फार नाहीत. खून, कट, भ्रष्ट न्यायाधीश, कंपन्यांचे घोटाळे यांवर कायदा-थरार भरपूर लिहिला गेलाय, पण बेघर माणूस त्यात बहुधा साक्षीदार म्हणून, संशयित म्हणून किंवा प्रेत म्हणून येतो. अशील म्हणून तो क्वचितच येतो. १९९८ सालची ‘द स्ट्रीट लॉयर’ यात वेगळी ठरते, कारण तिथे बेघरपणा हाच खटल्याचा विषय आहे.

कथानक थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. मायकेल ब्रॉक हा वॉशिंग्टनमधल्या एका बड्या लॉ फर्ममधला तरुण वकील. एक बेघर माणूस फर्ममध्ये घुसून काही वकिलांना ओलीस धरतो. तुम्ही किती कमावता आणि गरिबांना त्यातलं किती देता, असं तो त्यांना विचारतो. घराबाहेर काढणारे कोण, हेही विचारतो. पोलिसांच्या गोळीने तो मरतो. तो असं का बोलत होता, याचा ब्रॉक शोध घेतो आणि एका छोट्या विधी-मदत केंद्रापर्यंत पोचतो. तिथला मॉर्डेकाय ग्रीन हा वकील बेघरांचीच कामं करतो. दरम्यान बर्फवृष्टीच्या रात्री एक आई आणि तिची चार मुलं गाडीत मरतात. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलेलं असतं आणि विषारी वायू गाडीत साचतो. काही दिवसांपूर्वीच त्यांना एका जुन्या गोदामातून हुसकलेलं असतं, आणि ते काम ब्रॉकच्याच फर्मने केलेलं असतं.

इथपर्यंत हृदयद्रावक गोष्ट आहे. कायद्याची गोष्ट पुढे सुरू होते आणि तीच मला सगळ्यात खरी वाटते. गोदामातले लोक घुसखोर आहेत, असं धरून फर्मने त्यांना बाहेर काढलेलं असतं. प्रत्यक्षात ते भाडं देत होते. रोखीने, पावतीशिवाय, एका स्थानिक गुंडाला. भाडं देणारा माणूस भाडेकरू ठरतो. भाडेकरू म्हटला की नोटीस द्यावी लागते, कोर्टात जावं लागतं, मुदत मिळते. घुसखोराला यातलं काहीच मिळत नाही. फर्मचाच एक कर्मचारी जागेवर जाऊन आलेला असतो, लोक भाडं भरतात असं टिपण त्याने लिहिलेलं असतं, आणि वरिष्ठाला ते माहीत असतं. ब्रॉक ती फाइल फर्ममधून चोरून नेतो, पण तिच्यात ते टिपण सापडत नाही. सगळी कादंबरी या एका कागदाभोवती फिरते. ओलीसनाट्य, पाठलाग, अटक हे सगळं वाचकाला पानं उलटायला लावण्यासाठी आहे.

तुम्ही वकील होणार आहात, म्हणून हे ठळकपणे सांगते. घर पाडायला येणारा माणूस पोलीस आणि जेसीबी घेऊन येतो हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी कुठेतरी एका कागदावर ‘अनधिकृत’ हा शेरा बसलेला असतो. भांडायचं असतं त्या शेऱ्याशी. आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याला ते भांडताच येत नाही.

मुंबईत हे रोज बघायला मिळतं. ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका हा फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यातला १९८५चा निकाल तुमच्या अभ्यासक्रमात असणारच. त्यातला कलम २१चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भाग सगळ्यांना पाठ असतो. पण निकालाच्या सुरुवातीला अर्जदारांची माहिती दिली आहे, ती फारसं कोणी वाचत नाही. एक अर्जदार संगमनेरचा. गावात चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. घर कोसळलं, १९६९मध्ये मुंबईला आला, महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या एका गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकचे कागद यांना ७०० रुपये लागले. म्हणजे फुटपाथवरचं घर उभं करायला त्याचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार गेला. हा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेला आहे आणि ग्रिशॅमच्या कादंबरीआधी तेरा वर्षं तो छापून आला होता. जागेचा ताबा एका गुंडाकडे, पैसे रोख, पावती नाही. वॉशिंग्टनचं गोदाम आणि तुळशीवाडीचा फुटपाथ यांतला फरक कायद्याच्या भाषेत मोठा आहे, कारण फुटपाथ सार्वजनिक जागा असल्याने तिथे भाडेकरूपणा उभाच राहत नाही. पण पैसे मोजूनही हाती काही राहत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

आमच्याकडे येणाऱ्या माणसाजवळ बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पिशवी असते. त्यात रेशनकार्ड, मुलाच्या शाळेचा दाखला, पालिकेच्या दवाखान्यातलं लसीकरणाचं कार्ड, कधी जुनं मतदार ओळखपत्र, कधी सावकाराच्या वहीतलं फाडलेलं पान. आमचं पहिलं काम म्हणजे ती पिशवी टेबलावर रिकामी करून प्रत्येक कागदावरची तारीख आणि पत्ता बघणं. मोफत पुनर्वसन मिळेल की नाही हे कट-ऑफ तारखेवर ठरतं. आधी ती १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. त्या तारखेच्या आधी तुम्ही तिथे राहत होता, हे दाखवणारा कागद असेल तर यादीत नावापुढे ‘पात्र’ लागतं, नाहीतर ‘अपात्र’. एका बाईंच्या पिशवीत मला लसीकरणाचं कार्ड सापडलं होतं. त्यावर नर्सने पत्ता म्हणून पुलाचं नाव आणि पुढे ‘खाली’ एवढंच लिहिलेलं. त्यांच्या सगळ्या कागदांत तोच एक कागद कामाचा होता. सरकारी दवाखान्यातल्या माणसाने तारखेसह सही करून त्या पुलाखाली राहतात हे लिहून दिलं होतं.

आणि यातली सगळ्यात क्रूर गोष्ट अशी की, पाडकाम होतं तेव्हा पालिकेच्या गाडीत भांडी, कपडे, ताडपत्री यांच्याबरोबर ती पिशवीही जाते. घर पाडताना, ते घर होतं याचा पुरावाही नष्ट होतो. पुढच्या वेळी तोच माणूस कोर्टात उभा राहतो तेव्हा समोरचा वकील शांतपणे म्हणतो, अर्जदाराने वास्तव्याचा एकही पुरावा दिलेला नाही. अशी कादंबरी वाचताना मी कागद कोणाच्या हातात आहे हे बघते. तुम्हीही बघा. नायक कितीही शूर असो, कथेतला गुंता खरा आहे की नाही हे तिथे कळतं.

आता दुसरा प्रश्न. असं खरंच घडतं का?

ब्रॉकसारखा माणूस असू शकतो का, याचं उत्तर हो आहे आणि तो होऊन गेला. रॉबर्ट हेस हे न्यूयॉर्कच्या सलिव्हन अँड क्रॉमवेल या वॉल स्ट्रीटवरच्या फर्ममधले तरुण वकील होते. बाउरी भागात रस्त्यावर राहणाऱ्या माणसांशी ते बोलू लागले आणि त्यातून १९७९मध्ये त्यांनी कॅलाहन विरुद्ध केरी हा दावा दाखल केला. न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत १९३८ साली आलेली एक तरतूद आहे, गरजूंना मदत आणि आधार राज्याने द्यायला हवा अशी. महामंदीच्या काळात आलेली ही तरतूद. तिचा आधार घेऊन हेस म्हणाले, मग बेघर पुरुषांना रात्रीचा निवारा देणं शहरावर आणि राज्यावर बंधनकारक आहे. १९८१मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि न्यूयॉर्कमध्ये निवाऱ्याचा हक्क मान्य झाला. पुढे तो स्त्रियांना आणि कुटुंबांनाही मिळाला. ज्यांच्या नावाने दावा होता ते रॉबर्ट कॅलाहन हा हुकूमनामा होण्याआधीच रस्त्यावर वारले होते.

हेस यांनी फाइल चोरली नाही. त्यांनी घटनेतली विसरलेली तरतूद शोधली. मला त्यात ब्रॉकच्या चोरीपेक्षा जास्त थरार वाटतो, पण कादंबरीकाराला तो पानावर आणणं अवघड जातं हेही मान्य आहे.

ग्रिशॅमने वॉशिंग्टन निवडलं त्यालाही कारण आहे. १९८०च्या दशकात बेघरांचा प्रश्न तिथे संसदेच्या दारात उभा होता. मिच स्नायडर या कार्यकर्त्याने १९८४मध्ये, रेगन यांच्या दुसऱ्या निवडणुकीच्या तोंडावर, ५१ दिवस उपोषण केलं आणि संसद भवनाजवळची एक सरकारी इमारत बेघरांच्या निवाऱ्यासाठी मिळवली. त्याच वर्षी त्याच्या संघटनेचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. व्हाइट हाउससमोरच्या उद्यानात तंबू टाकून आंदोलन करा, पण त्यात झोपायला परवानगी नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ज्यांच्याकडे झोपायला जागा नाही त्यांचा निषेधसुद्धा झोपेशिवाय करायचा.

हा संदर्भ माहीत नसेल तर कादंबरीचा शेवट भारतीय वाचकाला फसवा वाटतो. मोठा निकाल येत नाही, घराचा हक्क कोणी जाहीर करत नाही. प्रकरण तडजोडीत मिटतं, फर्म पैसे देते, ब्रॉकची सनद काही महिने निलंबित होते. तुमच्यासारखे विद्यार्थी विचारतात, घटनात्मक मुद्दा का नाही घेतला? कारण घ्यायला तिथे मुद्दा नव्हता. १९७२च्या लिंडसे विरुद्ध नॉर्मेट खटल्यातच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घराचा असा हक्क राज्यघटनेत नाही असं सांगून टाकलं होतं. १९६३च्या गिडियन निकालाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला, पण तो फौजदारी खटल्यात. घरातून काढलं जात असेल तर वकील देणं घटनेने सरकारवर बंधनकारक नाही. घर जाण्याच्या खटल्यात वकील देणारं पहिलं अमेरिकी शहर न्यूयॉर्क, आणि तेही २०१७मध्ये. मग १९९८च्या कादंबरीतला वकील काय करणार? नुकसानभरपाईचा दावा लावणार, वर्तमानपत्रांना सांगणार आणि फर्मच्या अब्रूवर दबाव आणणार. ग्रिशॅम स्वतः मिसिसिपीत सुमारे दहा वर्षं वकिली केलेला माणूस. त्याला हे चांगलं कळत होतं, आणि या एका बाबतीत तो वाचकाला खोटी आशा देत नाही.

पुढचं चित्र आणखी बिघडलं. २८ जून २०२४ रोजी ग्रँट्स पास विरुद्ध जॉन्सन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की, सार्वजनिक जागेत अंथरूण टाकून झोपणाऱ्याला दंड आणि कैद करणारे शहराचे नियम घटनाविरोधी नाहीत. निवाऱ्यात जागा नसली तरीही. आज कोणी ‘द स्ट्रीट लॉयर’चा पुढचा भाग लिहिला तर मॉर्डेकाय ग्रीनला दिवाणी दाव्यांपेक्षा फौजदारी बचावाची कामंच जास्त करावी लागतील.

नुकसानभरपाईबद्दल एक सांगायचं राहिलं. तडजोडीच्या बोलणीत आई आणि चार मुलांच्या जिवाची किंमत ठरवण्याचा भाग येतो. आई बेकार, म्हणजे बुडालेलं उत्पन्न कमी. मुलं लहान, म्हणजे उत्पन्नाचा अंदाजच नाही. म्हणून रक्कम कमी धरावी, असा फर्मचा युक्तिवाद. बऱ्याच वाचकांना हे अतिरंजित वाटतं. मोटार अपघात न्यायाधिकरणात एक सकाळ बसून बघा. मोटार वाहन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या माणसाचं काल्पनिक उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरलेलं होतं, आणि महागाई कितीही वाढली तरी अनेक वर्षं तोच आकडा धरून मुलांच्या मृत्यूचे हिशेब झाले. २०१३मध्ये किशन गोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांच्या मुलासाठी तो ३०,००० धरला. फुटपाथवर झोपलेल्या कुटुंबाच्या अंगावर गाडी जाते तेव्हा त्यांच्या वकिलाला याच गणिताशी झुंजावं लागतं. ग्रिशॅमने तो प्रसंग लिहिताना हात आखडता घेतलेला नाही, आणि माझ्या मते पुस्तकातला तो सर्वांत धीट भाग आहे.

मग कादंबरीत कमी काय आहे? बेघर माणसं स्वतः फार कमी बोलतात. ओलीस धरणारा सुरुवातीलाच मरतो, आई आणि मुलं प्रेतं म्हणूनच समोर येतात. व्यसनाशी झगडणारी रूबी ही एकच बाई शेवटपर्यंत जिवंत वाटते, आणि ती खटल्यात पक्षकार नाही. गोष्ट आहे ती एका श्रीमंत वकिलाचं मन कसं बदललं याची. लोकप्रिय कादंबरीला असा नायक लागतो हे समजतं. पण प्रत्यक्षात आमचे अशील गप्प बसत नाहीत. ते आमच्याशी भांडतात, तडजोड नको म्हणतात, कधी ऐन वेळी बिल्डरच्या माणसाकडून पैसे घेऊन अंगठा देतात आणि तसं का केलं ते तोंडावर सांगतात: पोरीचं ऑपरेशन होतं. अशिलाचं आणि वकिलाचं हित वेगळं होतं तेव्हा काय करायचं, हा आमच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्यावर एकही चांगली कादंबरी मी वाचलेली नाही.

चोरलेली फाइल पुरावा म्हणून चालते का, हे तुम्ही स्वतंत्रपणे विचारलं होतंत. आपल्याकडे पूरनमल खटल्यापासून (१९७४) स्थिती अशी आहे की, पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्यावरून तो बाद होत नाही, तो संबंधित आहे का हे पाहिलं जातं. पण वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि दुसऱ्याच्या कपाटातून फाइल उचलणाऱ्या वकिलावर अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५खाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे ब्रॉकची नक्कल करू नका. गरजही नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज, आणि त्यात ‘फाइलीचं निरीक्षण हवं’ असं स्पष्ट लिहायचं, नुसत्या प्रती मागायच्या नाहीत. निरीक्षणाला गेलात की नोटशीट, म्हणजे अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पानं, आधी वाचायची. पत्रव्यवहार नीट लावलेला असतो, खरं ते नोटशीटवर असतं: कनिष्ठ अभियंत्याने ‘रहिवासी जुने आहेत, सर्वेक्षण आवश्यक’ असं लिहिलेलं आणि त्याखाली साहेबांची सही व ‘कारवाई करावी’. पानांचे क्रमांक बघायचे. १४नंतर १७ आलं की मधलं काय गेलं ते लेखी विचारायचं. एका कार्यालयाने आम्हाला ‘सदर फाइल आढळून येत नाही’ असं उत्तर दिलं होतं. आम्ही ते उत्तरच याचिकेला जोडलं. ज्या फाइलीच्या आधारे घरं पाडली ती फाइलच नाही, हे सांगण्यासारखा दुसरा मुद्दा नव्हता.

आता तिसरा प्रश्न, मुंबईचा. कथानक बसेल का असं विचारता, तर ते घडून गेलंय.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की, मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या सगळ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा मुंबईबाहेर पाठवलं जाईल. पावसाळ्यात अशा झोपड्यांत राहणं अमानुष आहे, असं कारण त्यांनी दिलं. आणि त्याच पावसाळ्यात, २३ जुलैला, पाडकाम सुरू झालं. लोकांना बसमध्ये बसवून शहराबाहेर नेलं. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर राहणाऱ्या तामिळनाडूच्या एका अर्जदाराला कुटुंबासकट सेलमकडे पाठवलं. बायको आणि मुली तिकडेच राहिल्या, तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला. पत्रकार ऑल्गा टेलिस आणि फुटपाथवरचे रहिवासी कोर्टात गेले. उच्च न्यायालयात रहिवाशांच्या बाजूने एक हमी दिली गेली: फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि १५ ऑक्टोबरनंतर पाडकामाला अडथळा करणार नाही. ती हमी पुढे सर्वोच्च न्यायालयात पालिकेने त्यांच्याविरुद्ध वापरली. मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, असं सांगून न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला. पावसातले लोक, अंगावर आलेलं पाडकाम, आणि तेवढ्या घाईत कोणीतरी लिहून दिलेलं एक वाक्य. त्या दालनात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल, यावरच एक कादंबरी होईल.

निकाल १० जुलै १९८५ रोजी आला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि माणूस फुटपाथवर राहतो कारण त्याचं काम तिथून जवळ असतं. एवढं वाचून विद्यार्थी वही मिटतात. पुढे वाचा. नोटीस न देता अतिक्रमण हटवण्याचा अधिकार देणारं पालिका कायद्याचं कलम ३१४ न्यायालयाने वैध ठरवलं. आयुक्तांनी लोकांचं म्हणणं ऐकायला हवं होतं हे मान्य केलं, पण आता ते आमच्यासमोर ऐकून झालंय, असं म्हणून तो मुद्दा संपवला. १९७६च्या गणनेत ज्यांची नोंद आणि ओळखपत्र होतं त्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बाकीच्यांना ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना होईपर्यंत, हात लावायचा नाही असं ठरलं. पुन्हा कागद. ज्याच्याकडे १९७६चं ओळखपत्र होतं त्याला जागा, ज्याच्याकडे नव्हतं त्याला मुदत.

या निकालाने देशभरातल्या वकिलांना शस्त्र दिलं, मलाही दिलं. ज्यांनी तो मिळवला त्यांतल्या अनेकांना घर मिळालं नाही. जिंकलेला खटला आणि हरलेले अशील, असा शेवट लिहायचं धाडस थरार-कादंबरीकार सहसा करत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. १३ नोव्हेंबर २०२४च्या बुलडोझरसंबंधीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश, चित्रीकरण अशी सविस्तर पद्धत घालून दिली. स्वागतार्ह निकाल आहे, मी तो वापरते. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदी-तलावालगतची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळलेली आहेत. १९८१मध्ये जे बसमध्ये बसवले गेले त्यांना आजही या १५ दिवसांचा आधार नाही.

एक बाब मात्र आपल्याकडे अमेरिकेपेक्षा चांगली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ दिवाणी प्रकरणातही मोफत वकील देतो, आणि स्त्रियांना व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता देतो. कायद्यावर आहे तितकं प्रत्यक्षात मिळतं असं नाही, पण मॉर्डेकाय ग्रीनला जे नव्हतं ते तुम्हाला आहे. सनद मिळाली की जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव नोंदवा.

आणखी काय वाचावं, ते पटकन सांगते. चार्ल्स डिकन्सची ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) ही या सगळ्यांची पूर्वज. वारसाहक्काच्या दाव्यात अडकून मोडकळीला आलेली वस्ती, आणि तिथला रस्ता झाडणारा ‘जो’ नावाचा मुलगा, ज्याला पोलीस सतत पुढे चल म्हणून हाकलतात. पुढे म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. जाडजूड आहे, पण वकिलाने वाचावीच. मायकेल कॉनलीची ‘द फिफ्थ विटनेस’ (२०११) कर्ज थकून घर जाण्याच्या अमेरिकी संकटावर उभी आहे. नायक मिकी हॅलर जप्तीचे दावे लढवत असतो आणि त्याच्या अशील बाईवर बँकेच्या अधिकाऱ्याच्या खुनाचा आरोप येतो. कोर्टातली उलटतपासणी त्यात उत्तम आहे, सामाजिक बाजू मात्र अर्ध्यावर सुटते. ग्रिशॅमचीच ‘ग्रे माउंटन’ (२०१४) खाणकामगारांच्या भागातल्या विधी-मदत केंद्रावर आहे. मला ती ‘द स्ट्रीट लॉयर’हून सैल वाटली. मराठी मनाला कोर्टाचा खरा वेग बघायचा असेल तर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट पाहा. तारखा, भाषांतर, वाचून दाखवलेली कलमं, साहेबांची सुट्टी, सगळं जसंच्या तसं आहे.

मराठीत असं काही लिहायचं तुमच्या मनात असेल, आणि प्रश्नाच्या सुरावरून ते आहे असं वाटतं, तर मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ पासून सुरुवात करा. उपजीविकेचं दिसण्याजोगं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं हेही त्यात भिकेच्या व्याख्येत बसवलेलं आहे. म्हणजे नुसतं गरीब दिसण्यावरून धरता येतं. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं संस्थेत स्थानबद्धता, पुन्हापुन्हा दोषी ठरल्यास दहा वर्षं. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. कायद्याच्या मूळ नावातच मुंबई आहे आणि त्यावर मराठीत थरार-कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही.

वेळेचा ताण कुठे आणायचा, तेही सांगते, कारण खरा ताण कुठे असतो हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. सकाळी वस्तीतून फोन येतो की गाड्या आल्या. याचिका अर्धवट टाइप झालेली, प्रतिज्ञापत्रावर सही करणारा माणूस अजून ट्रेनमध्ये. साडेदहाला मेन्शन करायचं, म्हणजे तातडीची सुनावणी मागायची, न्यायमूर्ती म्हणाले दुपारी घेऊ, तर तोवर अर्धी गल्ली जमीनदोस्त. स्थगिती मिळाली तरी ती तोंडी, आदेश टाइप होऊन वेबसाइटवर चढायला संध्याकाळ होते. जागेवरचा अधिकारी म्हणतो, कागद दाखवा. म्हणून आम्ही स्थगिती मागतानाच न्यायमूर्तींना विनंती करतो की पालिकेच्या वकिलांनी इथूनच, आत्ताच, अधिकाऱ्याला फोन करावा, आणि तसं केल्याची नोंद आदेशात घ्यावी. त्याच वेळी एक ज्युनिअर वस्तीकडे निघालेला असतो. त्याच्याजवळ याचिकेची प्रत, खटल्याचा क्रमांक आणि कोर्टात हजर असलेल्या पालिकेच्या वकिलांचं नाव लिहिलेला कागद असतो. अधिकारी त्या नावावर फोन करून खात्री करू शकतो, मग ‘कागद नाही’ हे कारण त्याला उरत नाही. तुमची नायिका तो ज्युनिअर असू द्या.